जखम भरताना फळांचे काम

मधुमेह असलेल्या माणसाच्या तळपायाला झालेली जखम अनेकदा त्याला स्वतःलाच कळत नाही. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली, की पायाच्या नसांची संवेदना मंदावते, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. त्यामुळे बुटातल्या खड्याने पडलेला साधा ओरखडाही आठवडेच्या आठवडे ओला राहतो. अशा वेळी साखर वाढेल या धास्तीने रुग्णाच्या ताटातून सर्वांत आधी फळे काढून टाकली जातात. ही धास्ती समजण्याजोगी आहे. पण तिच्यापायी जखमेला लागणारा एक आवश्यक घटक हातचा जातो.

भरत आलेल्या जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार, कोवळे मांस दिसू लागते. त्या मांसाला बळकटी देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजेन. त्याचे तीन धागे एकमेकांभोवती पिळले जातात आणि तो पीळ घट्ट बसावा म्हणून धाग्यातील ठरावीक जागी विकरांना, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांना, एक छोटा रासायनिक बदल करावा लागतो. या विकरांमधील लोह कार्यक्षम ठेवण्याचे काम ‘क’ जीवनसत्त्व करते. ते कमी पडले, की धागे तयार होतात, पण पीळ सैल राहतो आणि नवे मांस कच्चे राहते. पूर्वी लांबच्या सागरी प्रवासात स्कर्व्हीने, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने, ग्रासलेल्या खलाशांच्या जुन्या, भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडत, त्याचे कारण हेच होते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलातील वैद्याने आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, तेव्हा संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सावरली. मात्र त्या फळांतील नेमका घटक हाती यायला विसावे शतक उजाडावे लागले.

मधुमेहात या घटकाची अडचण अधिकच वाढते. ‘क’ जीवनसत्त्वाचे एक रूप ग्लुकोजसारखेच दिसते आणि ग्लुकोजच्याच वाटेने पेशीत शिरते. रक्तात साखरेची गर्दी असली, की त्याला ती वाट सहज मिळत नाही. शिवाय मधुमेहींच्या रक्तात या जीवनसत्त्वाचे प्रमाण सरासरीने कमीच आढळते. म्हणूनच साखर आटोक्यात ठेवणे आणि फळ खाणे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, हे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते.

आता प्रश्न उरतो तो फळाच्या निवडीचा. शंभर ग्रॅम पेरूमध्ये २०० मिलिग्रॅमहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व असते, किवीमध्ये सुमारे ९०, पपईमध्ये सुमारे ६० आणि संत्र्यामध्ये सुमारे ५०. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण ७५ ते ९० मिलिग्रॅम असते, म्हणजे पेरूच्या मोजक्या फोडींत ती भागते. आणि त्यातील भरपूर तंतूंमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. पपईतून याशिवाय बीटा कॅरोटिन मिळते, ज्यापासून शरीर त्वचेच्या नव्या थरासाठी उपयुक्त असलेले ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. फळ चावून खावे, रस काढून पिऊ नये. ताकद यावी म्हणून दिलेल्या पेलाभर संत्र्याच्या रसात २० ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि तंतू जवळजवळ नसतात, त्यामुळे ती झपाट्याने चढते.

फळाने सारे काही साधते, असे मात्र मानू नये. कोलॅजेनचा धागा मुळात प्रथिनांचा असतो आणि फळांत प्रथिने व जस्त अत्यल्प असतात. ती डाळी, दूध, अंडी किंवा मासे यांतूनच मिळवावी लागतात. मूत्रपिंड दुबळे असेल, तर पोटॅशियममुळे केळी आणि संत्री यांवर, तसेच प्रथिनांच्या प्रमाणावरही मर्यादा येऊ शकते, म्हणून आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. पायाची जखम तर पहिल्याच दिवशी त्यांना दाखवावी.

घरी साखर तपासणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. संत्रे सोलल्यावर किंवा पेरू चिरल्यावर बोटांवर रसाचा अंश राहतो, तो रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनची मात्रा वाढवली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. स्पिरिटचा बोळा फिरवणे यासाठी पुरेसे नाही. हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवावेत, कोरडे करावेत आणि मगच सुई टोचावी.