नशीब फुटकं धरा, गणित सुटेल

मंडळी, बाहेर फळ्यावर माझा विषय ‘स्पर्धा परीक्षेतली मोजणी’ असा लिहिलाय. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. प्रश्नात ‘खात्रीने’ हा शब्द दिसला, की स्वतःला जिल्ह्यातला सगळ्यांत कमनशिबी माणूस समजायचं. बस्स. सांगलीकराला हे शिकवायला नको खरं तर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ ला पाणी गेलं ५७ च्या वर. ‘एवढं कुठं येतंय’ म्हणणारे आमच्या गल्लीत बरेच होते. मीही त्यातलाच.

त्याच पुरात अण्णांच्या हळदीच्या गोदामातल्या किल्ल्यांच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या. दहा खोल्या, दहा कुलपं, दहा किल्ल्या, सगळ्या एकसारख्या चिखलानं माखलेल्या. मी गणिताचा मास्तर, ऐटीत म्हणालो, “अण्णा, फार तर ४५ वेळा किल्ली लावून बघावी लागेल.” कसं? पहिल्या कुलपाला नऊ किल्ल्या लागल्या नाहीत, तर दहावी त्याचीच, ती लावायचं कारण नाही. पुढच्याला आठ, मग सात. नऊपासून एकपर्यंत बेरीज ४५. अण्णा शांतपणे म्हणाले, “आणि कुलूप काय तुझा बा उघडणार?” बा तेच होते, पण मी बोललो नाही. (हशा) उघडायचं तर दहावी किल्लीही फिरवावीच लागते. १० अधिक ९ अधिक ८ असं करत ५५. अण्णा सातवी शिकलेले.

पुढं एका परीक्षेत हाच प्रश्न आला. शब्द होता ‘उघडण्यासाठी’. माझ्या एका विद्यार्थिनीनं ५५ लिहिलं, उत्तरतालिकेत ४५. तिनं रीतसर हरकत घेतली, तालिका हलली नाही. ‘जोड्या ओळखण्यासाठी’ एवढं छापायला शाई महाग झाली होती का? एका गुणाच्या आत किती पोरं उभी असतात, ते या अभ्यासिकेत मी कुणाला सांगू?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता विषयावर.

‘खात्रीने’वाल्या या मोजणीचं मूळ डिरिक्ले या जर्मन गणितज्ञाच्या नावावर आहे, १८३४ साल. कबुतरं जास्त, खुराडी कमी, तर एका खुराड्यात दोन सापडणारच. १३ माणसांत दोघांचा जन्ममहिना एकच. लिहून घ्या पटापट.

पिशवीत ६ लाल, ८ हिरव्या, १० पांढऱ्या गोट्या. न बघता काढायच्या. तिन्ही रंग खात्रीने हवेत? फुटकं नशीब काय करेल? आधी १० पांढऱ्या देईल, मग ८ हिरव्या. १८ काढूनही लाल नाही. पुढची लालच. उत्तर १९.

एकाच रंगाच्या तीन हव्यात? प्रत्येकी दोन-दोन निघतील, सहा झाल्या, सातवी घात करूच शकत नाही. उत्तर ७.

आता खोच. लाल फक्त २ ठेवा, बाकी तेच, आणि एकाच रंगाच्या ४ मागा. सवयीनं तुम्ही तीन त्रिक नऊ अधिक एक, १० म्हणणार. पण तिसरी लाल निघणार कुठून? २, ३ आणि ३, आठ झाल्या, एक वर. उत्तर ९. पेपर काढणारा १० हा पर्याय आधी छापतो, ९ त्याच्या खाली.