जेवून येतो, जागा धरून ठेवा

मंडळी, पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव 'कसोटीचा प्रेक्षक कुठे गेला?' असं छापलंय. उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची बस गाठायची आहे ते निघू शकतील. तो घरी जेवायला गेला आणि त्याला परत आत सोडलं नाही. (हशा) हसू नका, पुढची चाळीस मिनिटं मी हेच सांगणार आहे.

त्यासाठी आधी भाऊसाहेब निंबाळकर. इथल्या निम्म्या लोकांना ही गोष्ट पाठ आहे आणि उरलेल्यांनी ती माझ्याकडूनच ऐकली आहे. तरी सांगणार. डिसेंबर १९४८, कॅम्पातलं पूना क्लबचं मैदान, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ मध्ये गारद. मग आपली फलंदाजी सुरू झाली ती संपेचना. कमल भांडारकरांनी द्विशतक ठोकलं, दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागीदारी झाली. आज भांडारकरांचं नाव कुणी काढत नाही, कारण समोरच्या टोकाला निंबाळकर होते. द्विशतक मारून विस्मरणात जायचं म्हणजे काय नशीब बघा! ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. एका डावातल्या सर्वाधिक धावांचा तेव्हाचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनचा, ४५२ चा. बरोबरीला नऊ, मोडायला दहा. आणि मधली सुट्टी झाली. काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले, आता पुरे, डाव घोषित करा नाहीतर आम्ही निघालो. आणि निघालेसुद्धा!

निंबाळकरांना पुढे एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. (कुणीतरी: 'तेही झालंय!') झालंय का? बरं. मला दरवेळी आठवतो तो प्रेक्षकातला एक माणूस. मी त्याला पाहिलेलं नाही, पण तो असणारच. सुट्टी झाली तशी रास्ता पेठेतल्या घरी सायकल मारत गेलेला, बायकोला 'आज ब्रॅडमन मोडतोय' सांगून, चार घास घशाखाली ढकलून धापा टाकत परत आलेला. आणि बघतो तर स्टंप उपटलेले.

फसला बिचारा. पण तो जाऊन येऊ शकत होता, माझा मुद्दा तेवढाच आहे. लांबलचक सामना कुणी सलग बसून पाहत नाही. सकाळी डोकवायचं, कचेरीत जायचं, चहानंतर परत यायचं. वाड्यातल्या म्हाताऱ्यांसारखा तो सामना पाच दिवस गावात असतो, आपण येता-जाता विचारपूस करतो.

आता माझं गाऱ्हाणं. कसोटी बघायला गेलो होतो, कोणत्या मैदानावर ते विचारू नका, मला पुन्हा तिकीट काढायचंय. फाटकावरच्या पोरानं पाण्याची बाटली काढून घेतली. ठीक. छत्री घेतली, तेही समजू शकतो. मग डबा उघडायला लावला. मेथीचे पराठे आणि लोणचं. तो पोरगा लोणच्याकडे असा बघायला लागला जणू मी ते पंचांवर फेकणार आहे. डबा जप्त. आत छप्पर नाही, ऊन डोक्यावर. दुपारी म्हटलं, बाहेर जाऊन काहीतरी खाऊन येतो. तो म्हणाला, 'काका, बाहेर गेलात तर परत आत नाही.' मी म्हणालो, अरे, पाच दिवसांची मॅच आहे, एवढ्या वेळात माणसाचा दहावासुद्धा निम्मा होतो! (मोठा हशा) त्यावर तो पोरगाच मला म्हणाला, 'मग घरी टीव्हीवर बघा ना.' इतकं खरं बोललेलं मी क्रिकेट प्रशासनात कधी ऐकलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं, मग मूळ विषय भराभर.

मैदानं गावाबाहेर गेली. नागपूरचं सिव्हिल लाइन्सचं मैदान सोडून २००८ मध्ये कसोटी वर्धा रोडवर जामठ्याला गेली. सौरव गांगुलीची अखेरची कसोटी, मालिका जिंकली, आणि स्टँड ओस. आपलं पुण्याचं गहुंजेचं मैदान मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, जेवून यायचं म्हणजे टोल भरायचा. २०२४ मध्ये तिथे पहिल्या दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी नव्हतं, संघटनेला माफी मागावी लागली.

दुसरं, खेळपट्ट्या अशा की सामना तीन दिवसांत आटोपतो. गहुंजेला २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियानं आपल्याला १०५ आणि १०७ मध्ये गुंडाळलं, २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या सँटनरनं १३ बळी घेतले. दोन्ही सामने गुरुवारी सुरू होऊन शनिवारी संपले. रविवारची सुट्टी धरून तिकीट काढलेला नोकरदार दोन्हीदा घरीच बसला.

'लोकांना धीर राहिला नाही, वीस षटकांनी वाटोळं केलं' हे मला पटत नाही. मेलबर्नला २०२४ च्या बॉक्सिंग डे कसोटीला पाच दिवसांत ३ लाख ७३ हजारांवर माणसं आली. ते मैदान शहराच्या मध्यापासून चालत जाण्याजोगं आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोहली रणजी खेळला तेव्हा दिल्लीत कोटला मैदानावर हजारोंची झुंबड, तेही भर गावात आणि फुकट. हां, तो ६ वर बाद झाल्यावर लोक उठून गेले, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. कोहली २०१९ मध्ये म्हणाला होता, कसोटीसाठी पाच ठरलेली केंद्रं असावीत. पाच असोत की पंधरा, ती गावात असावीत आणि तिकिटावर शिक्का मारून माणसाला परत आत घ्यावं, एवढीच माझी मागणी.

दिवस-रात्र कसोटीवर मी तीन पानं लिहून आणली होती. तीही राहिली. अध्यक्ष उभे राहिलेच आहेत, तेव्हा ज्यांना ऐकायचीत त्यांनी बाहेर चहापाशी थांबा.