वस्तीचा अंक, पुन्हा एकदा

वस्तीचं जुनं छोटेखानी नियतकालिक पुन्हा काढायचं, तर सुरुवात जुन्या अंकापासून. त्याची पिन गंजलेली असते. ती ओढून काढली, तर दुमडीवरचा कागद तिच्यासोबत फाटतो. अंक मधोमध उघडा, पिनेचे वाकलेले पाय बोथट सुरीने उभे करा, मग पाठीकडून अलगद काढा. सुटी पानं ग्रे मोडमध्ये, 300 डीपीआयला स्कॅन करा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात पिवळा कागद डागासारखा उमटतो आणि बारीक अनुस्वार नाहीसे होतात. कंपोझची जुनी फाईल सापडली, तर ती बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये असते. युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी नेमकी चुकीच्या अक्षरावर बसते. प्रूफ छापील पानावरच वाचावं.

पण अंक पुन्हा काढायचा तो आजच्या वस्तीसाठी. छत्रपती संभाजीनगरच्या कडेला सातारा-देवळाईचा हा भाग बघा. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यातून पडलेले 20 बाय 30 चे प्लॉट. कितीतरी गल्ल्यांना नाव नाही. पत्ता सांगताना टाकी, गिरणी, लिंबाचं झाड. म्हणून मधल्या जोडपानावर हाताने काढलेला नकाशा हवाच. तो काळ्या शाईच्या 0.5 पेनने काढावा, निळं बॉलपेन झेरॉक्समध्ये फिकं येतं.

आणि टँकरचं पान. तारीख, किती वाजता आला, घरटी 200 लिटरचे किती ड्रम भरले, एवढंच. फेब्रुवारी ते मे एकाखाली एक छापलं की कोणती गल्ली नेहमी शेवटी राहते, ते आपोआप दिसतं. जागा कमी पडली तर कविता पुढच्या अंकात घ्या, हे पान गाळू नका.

आता बांधणी. ए-फोरचे चार कागद दुमडले की 16 पानं होतात. एका बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज कायम 17: बाहेरच्या कागदावर 16 आणि 1, त्याच्या मागे 2 आणि 15. पाठपोट छापताना झेरॉक्सवाल्याला ‘शॉर्ट एज’ (आखूड कडेवरून पलटायचं) सांगायचं, नाहीतर मागची पानं उलटी येतात. चारही बाजूंना किमान 1 सेंटिमीटर मोकळं ठेवा. मशीन कडेपर्यंत छापत नाही. कात्रणं ग्लूस्टिकने चिकटवा, पातळ डिंकाने कागद फुगतो. कात्रणाच्या कडेची काळी रेघ व्हाइटनरने झाकायची.

500 कागदांच्या रिममध्ये 110 प्रती धरा: 440 कागद, बाकीचे खराबीला. 70 ऐवजी 80 जीएसएमचा, म्हणजे थोडा जाड कागद घ्या, पाठचा मजकूर कमी दिसतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत कागद एकमेकांना चिकटून मशीनमध्ये दोन-दोन ओढले जातात; गठ्ठा आधी पंख्यासारखा फुलवून घ्यावा.

लांब हाताचा स्टेपलर नसेल, तर अंक उघडा करून थर्मोकोलवर पालथा ठेवा, साधा स्टेपलर पूर्ण उघडून दुमडीवर दाबा, पिनेचे पाय आतून चमच्याने वाकवा.

प्रती किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर, दूध डेअरीवर ठेवा. मूळ पानांचा संच मात्र पिन न मारता खाकी पाकिटात. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नको. मेच्या उकाड्यात टोनर प्लॅस्टिकला चिकटतो आणि पान बाहेर ओढताना अक्षरं तिथंच राहतात.