व्हीबी सिक्स ते डॉट नेट: फॉर्मवर दिसतंय ते डॉक्युमेंट नाही!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की बाकीचं सगळं बाजूला ठेवून आज तोच घेते. "ताई, व्हीबी सिक्समधलं सॉफ्टवेअर डॉट नेटला न्यायचंय, फॉर्मवर वर्ड-एक्सेलच्या फाइली बसवलेल्या आहेत, कुठला कन्व्हर्टर वापरू?"

बेसिक पटकन उरकते. व्हीबी सिक्स, म्हणजे व्हिज्युअल बेसिक ६, हे प्रोग्रॅम बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन १९९८ चं. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये संपवला, पण त्यात बनवलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वरही चालतात. म्हणून तर वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत किती कारखान्यांत फॉर्मची ती राखाडी खिडकी अजून सुखानं नांदतेय. त्या खिडकीत वर्डचं डॉक्युमेंट बसवायची सोय म्हणजे ओएलई (ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग) कंटेनर नावाचं कंट्रोल. डॉट नेट हे मायक्रोसॉफ्टचं नंतरचं साधन; त्याच्या विंडोज फॉर्म्समध्ये, म्हणजे खिडक्या बनवायच्या भागात, हे कंट्रोल नाही. टूलबॉक्समध्ये शोधत बसू नका, नाहीच आहे. कन्व्हर्टर तुमचा कोड बदलेल, या कंट्रोलपाशी आला की हात वर करेल. आणि डेटाबेसमधल्या डॉक्युमेंट्सना तर तो हातही लावत नाही. झालं बेसिक.

आता खरी गोम. फॉर्मवरच्या त्या चौकोनात तुम्हाला जे दिसतं ना, ते डॉक्युमेंट नाही. ते डॉक्युमेंटचं चित्र आहे. मेटाफाइल. वर्डनं एकदा काढून दिलेलं, साठवून ठेवलेलं. डबल-क्लिक केल्यावर वर्ड जागं होतं, तेव्हा कुठे आतलं डॉक्युमेंट उघडतं.

घोडबंदर रोडवर बिल्डरची होर्डिंग्ज बघता ना? हिरवळ, स्विमिंग पूल, मागे येऊरचे डोंगर. तुम्ही फ्लॅटचा ताबा घ्यायला गेलात आणि त्यानं ते होर्डिंग गुंडाळून तुमच्या हातात दिलं तर चालेल का? मायग्रेशनमध्ये, म्हणजे जुन्यातून नव्यात नेताना, लोक नेमकं हेच करतात.

लोक कशाला, मीच केलंय. रबाळे एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारा एक छोटा कारखाना. प्रत्येक ऑर्डरचं टेस्ट सर्टिफिकेट वर्डमध्ये, आणि ते ऑर्डरच्या फॉर्मवर बसवलेलं. मी रोज ठाण्याहून वाशी लोकल पकडून जायचे, दोन महिन्यांत काम संपवलं. नव्या फॉर्मवर सगळी सर्टिफिकेट्स अगदी जुन्यासारखी दिसत होती. मालक काका खूश. पेढे आले, तेही खाल्ले मी! तीन आठवड्यांनी काकांचा फोन. "अगं, २००९ च्या ऑर्डरचं सर्टिफिकेट पार्टीनं मागितलंय. दुसरं पान कुठाय?"

दुसरं पान नव्हतंच. ओएलईच्या चौकोनात वर्ड फक्त पहिल्या पानाचं चित्र देतं, आणि मी ती चित्रंच हलवली होती. जुना पीसी गोडाऊनमध्ये, भंगारवाल्याची वाट बघत. तो अजून आला नव्हता म्हणून वाचले.

अजून पटत नसेल तर लिंक केलेली फाइल बघा. एम्बेड म्हणजे अख्खं डॉक्युमेंट आत साठवलेलं, लिंक म्हणजे फाइल बाहेरच, आत फक्त तिचा पत्ता. लिंक असेल तर डेटाबेसमध्ये फक्त फाइलचा पत्ता आणि तेच ते चित्र. मूळ फाइल पाच वर्षांपूर्वी कुणी डिलीट केली असली तरी चौकोनात चित्र दिमाखात दिसत राहतं. त्यामुळे "फॉर्मवर दिसतंय म्हणजे आहे" असं मला कमेंटमध्ये लिहू नका. रोज दोघं-तिघं लिहितात, खरंच.

मग आतलं डॉक्युमेंट काढायचं कसं? बाइट्स बघा.

[स्क्रीनवर हेक्स व्ह्यू: प्रत्येक बाइट दोन अक्षरी आकड्यात]

ही अ‍ॅक्सेसच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसच्या, ओएलई ऑब्जेक्ट फील्डमधली एक नोंद. सुरुवात १५ १सी. हे वेष्टण. पुढे साध्या अक्षरांत 'वर्ड डॉट डॉक्युमेंट डॉट ८' लिहिलेलं दिसेल, म्हणजे आत कोण आहे त्याची चिठ्ठी. मग चार बाइट्समध्ये आतल्या मालाची लांबी. आणि मग डी० सीएफ ११ ई०. ही जुन्या डॉक फाइलची खूण; हे इंग्रजीत लिहून शून्याला ओ आणि एकला कधी आय, कधी एल म्हणून वाचा, 'डॉकफाइल' दिसतं. कुणीतरी गंमत करून ठेवलीय.

बरेच जण काय करतात, ही खूण शोधतात आणि तिथून शेवटपर्यंत सगळं कापून .डॉक नावानं सेव्ह करतात. पण शेवटी काय आहे? परत तेच चित्र! डॉक्युमेंटच्या मागे शेपटासारखं चिकटलेलं. म्हणून लांबी वाचा आणि तेवढेच बाइट्स घ्या.

ज्यांना बाइट्सशी झटापट नको त्यांनी जुन्याच मशीनवर, जुन्याच वर्डसह, छोटा व्हीबी सिक्स प्रोग्रॅम लिहावा: प्रत्येक रेकॉर्ड उघडा, ऑब्जेक्ट जागा करा, वर्डलाच वेगळी फाइल म्हणून सेव्ह करायला सांगा. हळू चालतं. मी रात्री लावून घरी जायचे, सकाळी येऊन बघायचं तर चारशेव्या रेकॉर्डवर वर्डचा कसलातरी डायलॉग उघडा, आणि रात्रभर सगळं ठप्प. पण चालतं.

एक कमेंट मात्र मस्त होती: "ताई, फाइल निघाली, पण आत मराठीऐवजी कचरा." अहो, तो कचरा नाही, शिवाजी किंवा श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट आहे. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना वेगवेगळा क्रमांक देणारी पद्धत, नव्हतंच. इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेले. फॉन्ट काढला की कपडे उतरले. फाइल शाबूत आहे, युनिकोड करणं हे वेगळं काम. त्यावर वेगळा व्हिडिओ करते, आत्ता शिरले तर बाहेर यायची नाही.

नव्या फॉर्मवर दाखवायचं कसं? माझं मत सांगते, फॉर्मच्या आतच वर्ड उघडायचा हट्ट सोडा. फाइल डेटाबेसमध्ये ठेवा, शेजारी 'उघडा' बटण द्या, वर्ड स्वतःच्या खिडकीत उघडू दे. नुसतं बघायचं असेल तर पीडीएफ करून वेबव्ह्यू टूमध्ये, म्हणजे फॉर्मवर बसणाऱ्या छोट्या ब्राउझरमध्ये, दाखवा.

काकांना हे बटण द्यायला मला तीन चहा लागले. वीस वर्षं डबल-क्लिकची सवय, त्यामुळे ते बटणावरही दोनदाच टिचकी मारतात आणि वर्ड दोनदा उघडतं. शेवटी पहिल्या क्लिकनंतर बटण दोन सेकंद बंद ठेवलंय. कोड खाली दिलाय, घ्या.