सुटी गोळी ओळखायची कशी?

(मुलुंड येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मेडिकलच्या काउंटरवर नेहमी कुणीतरी पुडीतून एक गोळी काढून पुढे ठेवतं. "बघा ना, ही बीपीची की शुगरची?" काळजी खरी असते. पण नुसतं रूप बघून खात्रीनं सांगणं आपल्याकडे शक्य नाही. जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विसंबू नका.

अमेरिकेत १९९५ पासून जवळपास प्रत्येक गोळीवर अक्षर-आकड्यांची खूण लागते. ती खूण, रंग आणि आकार एकत्र पाहिले की औषधही सापडतं आणि कंपनीही. आपल्याकडे तशी सक्ती नाही. काही कंपन्या अक्षरं उमटवतात, पण पुष्कळ गोळ्या कोऱ्याच असतात. मधली रेघ तर बहुधा गोळी अर्धी करण्यासाठी असते. म्हणून फोटो काढून परदेशी यादीत जुळवलेलं नाव इथे सपशेल चुकू शकतं.

एकच उदाहरण देतो. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. जोडीला डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड देतात. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा छोट्या, गोल, पिवळ्या. त्या एका डबीत मिसळल्या आणि मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेली, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. इथे 'बहुतेक हीच असेल' चालत नाही.

रूप टिकतही नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत सुट्या गोळ्यांवर डाग पडतात, त्या भुसभुशीत होतात. अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा वास आला तर ती खराब झाली म्हणून समजा.

म्हणून जपायची ती स्ट्रिप. ती उलटी करून बघा: औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, बॅच नंबर, मुदत. बॅच आणि मुदत बऱ्याचदा एकाच टोकाला छापलेली असते, तेव्हा गोळ्या दुसऱ्या टोकापासून काढा. चारच गोळ्या हव्या असतील तर केमिस्टला सांगा, "नाव आणि तारीख राहील असं कापा." ते जमत नसेल तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून घ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे ठरावीक ब्रँडांवर क्यूआर कोड किंवा बारकोड आला आहे, पण तोही वेष्टनावर. गोळी बाहेर पडली की तो कामाचा नाही.

सुटी गोळी सापडलीच, तर चाखू नका. घरातली सगळी प्रिस्क्रिप्शनं आणि रिकाम्या स्ट्रिपा घेऊन केमिस्टकडे किंवा डॉक्टरांकडे जा. तरीही शंका उरली तर ती टाकून द्या. चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवी बांधून, म्हणजे मुलांच्या हाती लागणार नाही.

आणि नातवानं अशी गोळी गिळली तर उलटी करवू नका. उरलेल्या गोळ्या आणि स्ट्रिपा सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा, गाडी नसेल तर १०८ फिरवा. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास सल्ला देतं. नंबर आत्ताच लिहून घ्या, मी पुन्हा सांगतो.