तीसचा फ्यूज घालू नका

मंडळी, माझ्याकडे ९८ सालची मारुती ८०० आहे, अजून चालते, आणि आज जे सांगणार ते त्याच गाडीखाली हात काळे करून शिकलोय, त्यामुळे कोणाला इंजिनियरिंगचं लेक्चर हवं असेल तर चहा त्या बाजूला आहे.

एका पावसाळ्यात रात्री घरी येताना स्पीडोमीटरचा लाइट गेला. म्हटलं छोटा बल्ब गेला असेल, जाऊ दे. सिग्नलला एक रिक्षावाला शेजारी आला, म्हणाला, काका, मागे सगळा अंधार आहे तुमच्या. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मीटरचा लाइट, मागचे टेल, पुढचे पार्किंग आणि नंबरप्लेट, जुन्या गाड्यांत हे बहुतेक एकाच फ्यूजवर असतं, आणि त्यातलं आपल्या डोळ्यासमोर फक्त मीटर असतं. म्हणून मीटर काळा पडला की उतरून मागे बघायचंच.

नवीन फ्यूज घातला, दोन दिवसांनी एका स्पीडब्रेकरवर पुन्हा उडाला. मग मी तेच केलं जे सगळे करतात, सरळ हिरवा तीस अँपिअरचा ठोकला. टिकला की! आठवडाभर टिकला आणि मग डॅशबोर्डमधून प्लास्टिक जळल्याचा वास आला. फ्यूज हा बल्ब वाचवायला नसतो हो, वायर वाचवायला असतो, वायर जेवढा करंट सोसते त्याच्या आतला आकडा कंपनीने दिलेला असतो, तुम्ही तीसचा घातलात की वायरच फ्यूज होते. फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

आता हिशोब बघा. दोन टेल, दोन पार्किंग, दोन नंबरप्लेटचे, प्रत्येकी ५ वॉटचे धरले तर ३० वॉट, भागिले १२ व्होल्ट, अडीच अँपिअर. अडीच अँपिअरला दहाचा लाल फ्यूजसुद्धा उडत नाही, म्हणजे लोडचा प्रश्नच नाही, कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय, म्हणजे शॉर्ट.

पण शोधायचं कसं, दर वेळी एक फ्यूज जाळून? नाही. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी लावा आणि फ्यूजच्या जागी खोचा. त्याआधी टेल-पार्किंगचे सगळे बल्ब काढून ठेवा, नाहीतर त्यांच्यातून करंट जाऊन हा पेटेल आणि तुम्ही फसाल. आता लाइटचा स्विच ऑन करा, शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, नसेल तर विझलेला किंवा मीटरच्या बल्बांमुळे अगदी मिणमिणता. माझा विझलेला होता, पण डॅशबोर्डवर थाप मारली की भक्कन पेटायचा. थापा मारत मारत गाण्याच्या टेपच्या खाचेपर्यंत पोचलो. आधीच्या मालकाने टेप काढून घेतला होता आणि त्याच्या लाइटची, टेलवरून टॅप केलेली वायर तशीच लोंबत ठेवली होती, टोकाला चिकटपट्टीसुद्धा नाही, खड्डा आला की पत्र्याला मुका. कापली, स्लीव्ह चढवली, योग्य आकड्याचा फ्यूज घातला, संपलं.

आता फ्यूज शाबूत आहे पण लाइट भलतंच करतोय, हे नव्वद टक्के अर्थचं, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीला परत जाणाऱ्या जोडाचं, दुखणं, नव्वद हा माझा अंदाज हं. इंडिकेटर दिला की त्याच बाजूचा टेलही मिचमिचतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर उजळतो. करंटला परत जायला बॉडीचा रस्ता बंद असतो, मग तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. अर्थचा स्क्रू काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून थोडं व्हॅसलीन. कोकणातल्या गाड्यांना तर हे दर पावसाळ्याआधी.

हेडलाइट मंद असेल तर लगेच १०० वॉटचे बल्ब आणू नका. हेडलाइट चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन बल्बच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ खराब.

मागून विचारतायत की एलईडी लावल्यापासून इंडिकेटर भरभर मिचमिचतो. बल्ब चांगलाय हो, तो वॉट कमी खातो आणि जुन्या फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर मिचमिचवणाऱ्या डबीला, वाटतं एक बल्ब गेलाय. एलईडीचा फ्लॅशर मिळतो, फक्त जुना सोबत घेऊन जा, पिना जुळतात का बघायला.