दोरीच्या शिडीपर्यंतची वाट

न्हावा-शेव्याकडे निघालेल्या एखाद्या कंटेनरवाहू जहाजाच्या कडेने जी लहान लाँच धावते आहे, तिच्यावर लाइफजॅकेट घालून उभा असलेला माणूस म्हणजे बंदराचा पायलट, जहाजाला बंदरात आणणारा वाटाड्या. त्याला घेण्यासाठी जहाज थांबत नाही. ते वेग कमी करते आणि लाँचला वारा-लाटांपासून आडोसा मिळेल असे वळते. लाँच लाटेवर पुरती वर आली की पायलटने शिडी धरायची आणि पुढची लाट लाँचला पुन्हा उचलण्याआधी पाय वर घ्यायचे, कारण त्यात चुकल्यास पाय लाँच आणि जहाज यांच्यामध्ये सापडतो. चढण 9 मीटरपेक्षा जास्त असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नुसती दोरीची शिडी चालत नाही, तिला जहाजाच्या जिन्याची जोड द्यावी लागते.

ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, पोहोचल्यावर जहाज पाण्यात किती बुडाले आहे, इंजिन कसे साथ देते आणि टग (जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी) कुठे बांधायचे, हे पायलट आधी कप्तानाशी बोलून घेतो. मग तो हुकूम देतो, चाकावरचा खलाशी, म्हणजे सुकाणी, तोच हुकूम मोठ्याने उच्चारून चाक फिरवतो आणि सुकाणू सांगितल्या अंशावर आले की तसे कळवतो. मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याचे, 1989 साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर यांचा बाहेरचा मार्ग एकच आहे, मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरहून अधिक असू शकतो आणि मच्छीमारांच्या होड्याही याच पाण्यात असतात. म्हणून स्थानिक पाणी जाणणारा माणूस लागतो. तरीही जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाचीच राहते.

या कामावर थेट भरती होत नाही. पायलट हा सहसा मास्टरची, म्हणजे कप्तानपदाची, परीक्षा उत्तीर्ण झालेला अधिकारी असतो आणि त्यानंतरही त्याला या बंदरात प्रशिक्षण घेऊन परवाना मिळवावा लागतो. त्या वाटेची सुरुवात बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेण्यापासून होते. रंगांधळेपणा असल्यास डेक विभागाचे, म्हणजे जहाज हाकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या शाखेचे, दार तिथेच बंद होते, त्यामुळे शुल्क भरण्याआधी डोळे तपासून घेणे शहाणपणाचे. पुढे भारतीय सागरी विद्यापीठाची सामायिक प्रवेश परीक्षा येते. नॉटिकल सायन्सच्या, म्हणजे नौकानयनशास्त्राच्या, पदविकेत एक वर्ष वर्गात आणि त्यानंतर 18 महिने कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून जहाजावर काढल्यावरच सेकंड मेट या अधिकारीपदाच्या परीक्षेला बसता येते. त्यापुढे फर्स्ट मेट, मग मास्टर. आणि प्रत्येक पायरीआधी पुन्हा समुद्रावरचा काळ भरावा लागतो.

हा काळ विकत मिळत नाही, आणि नेमके हेच विद्यार्थ्यांना कुणी स्पष्ट सांगत नाही. किनाऱ्यावरच्या गावांत ‘जहाजावर लावून देतो’ म्हणत पालकांकडून लाखो रुपये उकळणारे दलाल फिरत असतात. वास्तविक, सागरी कामगार करार, 2006 नुसार नोकरी लावून देण्याचे शुल्क खलाशाकडून घेण्यास मनाई आहे, आणि भारतात खलाशी भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. तो महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पाच मिनिटांचे काम आहे.

दहावीनंतर जहाजावर जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी जनरल पर्पज रेटिंगचा, म्हणजे सर्वसाधारण खलाशाचा, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. त्यातून आलेला मुलगा सुरुवातीला गंज खरवडतो, रंग देतो, दोरखंड ओढतो आणि अधिकाऱ्यासोबत पहाऱ्याला उभा राहतो. पुढे आवश्यक सेवा आणि प्रमाणपत्र मिळाले की सुकाण्याचे चाक त्याच्या हाती येते. सीडीसी या त्याच्या सागरी सेवेच्या पुस्तिकेत प्रत्येक जहाजावर चढल्याची आणि उतरल्याची तारीख नोंदली जाते, आणि पुढच्या परीक्षेचा अर्ज भरताना आधी त्याच तारखांची बेरीज पाहिली जाते.